पाचव्या दिवशी धुतलेले हात

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे मला माझ्याच ऑफिसात, माझ्याच खुर्चीवर बसून ऐकवणारे जव्हारमध्ये कमी नव्हते. मी म्हणायची, बरोबर आहे, शहाण्यांनी घरी बसावं, ज्यांच्यावर वेळ आलीय त्यांनी यावं. अब्बांचं शिंपीकामाचं दुकान एस.टी. डेपोच्या वाटेवर होतं. त्याच्या मागच्या खोलीत टेबल टाकून मी वकिली सुरू केली होती. पुढे मशीनची खडखड, मागे मी. शिंप्याची मुलगी, मुसलमान, त्यातून वकील आणि त्यातून तोंडाळ, एवढं सगळं एकाच बाईत कसं मावतं हे बघायला लोक उगाच पडदा सरकवून डोकावून जायचे.

नव्वदचं दशक सरत आलं होतं तेव्हा साखरशेतकडची एक बाई सासूला घेऊन आली. आरोग्य केंद्रातल्या नर्सने तिला माझा पत्ता दिला होता. खांद्यावर वर्षाची मुलगी होती आणि बाईचा एक हात सतत तिच्या मानेमागे. हात काढला की मान मागे पडायची. मुलगी बसत नव्हती, हाक मारली तरी वळत नव्हती, मधूनच झटके यायचे. मला लहान मुलं फारशी आवडत नाहीत, पण मी उठून माझी खुर्ची तिच्या आईला दिली.

झालं होतं ते असं. भात झोडून झालं की दिवाळीनंतर त्यांचा अर्धा पाडा खाली वीटभट्टीवर जातो. ही पोटुशी होती, तरी गेली. तिथेच कळा सुरू झाल्या. भट्टीच्या मालकाने टेम्पोत घालून जवळच्या एका डॉक्टरीणबाईंच्या खासगी दवाखान्यात नेलं. बाळंतपण लांबलं. मूल झालं ते रडलंच नाही, अंग निळं पडलेलं. पुढे मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी लिहून दिलं की जन्मताना मेंदूला प्राणवायू कमी पडला, त्याने ही इजा झाली.

मी विचारलं, "तुला काय पाहिजे?" मला वाटलं, डॉक्टरीणबाईंना शिक्षा करा म्हणेल.

ती म्हणाली, "भट्टीवर जोडीलाच घेतात. एकट्या नवऱ्याला कोण काम देत नाय. हिला घेऊन विटा कशा थापू? आन हिला ठेवू कुणाकडं?"

सासूची नजर अधू झालेली, तिच्याने ही मुलगी सांभाळणं होणार नव्हतं. म्हणजे प्रश्न एवढाच होता. मुलीच्या नावावर भरपाई मिळाली तर आई घरी राहणार. नाही मिळाली तर मुलगी पुन्हा भट्टीवर, धुळीत, उन्हात, झोळीत. असं मूल तिथे किती टिकेल, हे आम्हा तिघींनाही कळत होतं.

कायद्याची गंमत बघा. सरकारी दवाखान्यात फुकट बाळंतपण झालं असतं, तर ग्राहक मंचात तिला कुणी उभं केलं नसतं. इथे मालकाने बिल भरलं आणि ते तिच्या मजुरीतून कापलं. त्या कापण्यामुळे ती ग्राहक ठरली! मी ठाण्याच्या मंचात तक्रार दाखल केली. डॉक्टरीणबाई बाळंतपणाच्या वेळी हजर नव्हत्या असा मला दाट संशय होता, पण दवाखान्याच्या कागदांवर त्या सुरुवातीपासून शेवटपर्यंत हजर होत्या. मी मुलीच्या आईला विचारलं की त्या कधी आल्या, तर ती म्हणायची, "आल्या होत्या." कळा सोसणाऱ्या बाईला घड्याळ विचारून उपयोग नव्हता. मीही मग तो धागा सोडून दिला.

मग समोरच्यांचं उत्तर आलं आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली. त्यात लिहिलं होतं की बाळंतपणानंतर पाचव्या दिवशी तक्रारदार आणि तिची सासू आपणहून दवाखान्यात आल्या, सोबत कोंबडी आणि नारळ आणला, आणि त्यांनी आदराने हात धुऊन पाया पडून आशीर्वाद घेतला. निष्काळजीपणा झाला असता तर असं कुणी करतं का?

मी दोघींना बोलावून घेतलं. "हे खरं आहे?"

"हां," सासू म्हणाली. "धुतले ना हात."

"मग मला सांगितलं का नाही?"

"तू इचारलाच नाय."

आता काय बोलणार, कप्पाळ! आमच्याकडच्या पाड्यांवर सगळे सगळ्यांना तू म्हणतात, कलेक्टर आला तरी तूच, त्यामुळे त्याचा राग नव्हता. राग होता तो आपल्याच हाताने पायावर धोंडा पाडून घेतल्याचा. मी बरंच बोलले, आवाज चढला. पुढे अब्बांचं मशीन थांबलं. त्यांनी पडद्याआडून एवढंच म्हटलं, "बेटी, गिऱ्हाईक आहेत." मग मी चहा मागवला. सासूने समजावून सांगितलं, बाळंतपणानंतर ते करणाऱ्या बाईचे हात धुवायलाच लागतात, नाही धुतले तर बाळंतिणीचा विटाळ फिटत नाही, तिला चुलीकडे जाता येत नाही. मूल मेलेलं निघालं तरी धुवायचे. मी ते प्रतिज्ञापत्रात घातलं. पण मनात म्हटलं, ठाण्यात बसून हे कोणाला पटणार?

सुनावणीला आम्ही पहाटेच्या एस.टी.ने गेलो. आई मुलीला खांद्यावर घेऊनच उभी राहिली. समोरचे वकील सभ्य होते, आवाज मऊ. असल्या वकिलांना मी जास्त भिते. परवानगी घेऊन त्यांनी तिला विचारलं, "पाचव्या दिवशी तुम्ही दवाखान्यात गेला होता?"

"गेलतो."

"हात धुतले?"

"धुतले."

"डॉक्टरांवर राग असता तर धुतले असते का?"

मी डोळे मिटून घेतले. गेली केस, वाटलं.

ती जरा गोंधळली. "डॉक्टरीणबाईचे कुठं धुतले?"

मंचाचे अध्यक्ष कागद वाचत होते, त्यांनी मान वर केली. "मग कोणाचे धुतले?"

"दवाखान्यातल्या आयाचे. जिच्या हातात पोर येते तिचेच धुतात. पोर आयाच्या हातात आली. डॉक्टरीणबाई मागून आली, तवा पोर निळी झाली होती." मग तिला वाटलं असावं, यांना एवढंही ठाऊक नाही, म्हणून तिने समजावलं, "दुसऱ्याचे धुऊन चालत नाय."

मी उत्तर पुन्हा काढून वाचलं. त्यात "आदराने हात धुऊन" एवढंच होतं. हात कोणाचे, ते लिहिलंच नव्हतं. मी डॉक्टरांचे समजले, त्यांचे वकीलही बहुधा तेच समजले. हिला आणि सासूला यात सांगण्यासारखं काही आहे असं वाटलंच नव्हतं. हात कोणाचे धुवायचे हे कोणी विचारतं का? करायला गेले एक आणि झालं भलतंच, अशी त्या वकिलांची गत झाली. माझी अवस्था तरी काय वेगळी होती! मी तीच गोष्ट लपवता आली असती तर बरं, अशा विचाराने आठवडे काढले होते.

पुढच्या तारखेला आयाला बोलावलं. ती आली. बाईकडे बघून तिने मुलीच्या पायाला हात लावला आणि खालच्या मानेने सांगितलं, हो, मी एकटीच होते, डॉक्टरांना निरोप पाठवला होता, त्या उशिरा आल्या. तिची नोकरी त्याच महिन्यात गेली, हे मला नंतर कळलं.

निकाल आमच्या बाजूने लागला. रक्कम मुलीच्या नावावर बँकेत राहणार आणि तिच्या व्याजावर दर महिन्याला घर चालणार. आईला भट्टीवर जायची गरज नव्हती. मी खूश होते, खोटं कशाला बोलू. मिठाई आणून ठेवली, दोघींना दुकानात बसवलं आणि निकाल सोप्या मराठीत वाचून दाखवला. गरोदरपणी ग्रहणात विळा धरला म्हणून पोर अशी झाली, असा बोल सासू हिला लावते, हे मला माहीत होतं. म्हणून मी मुद्दाम तिच्याकडे बघत मोठ्याने वाचलं की आईची यात काहीही चूक नव्हती, डॉक्टर वेळेवर हजर असत्या तर ही इजा टळली असती. सासू खाली बघू लागली. मला बरं वाटलं.

आईने पेढा हातातच धरला होता. "म्हंजे पोर रडली असती?"

"हो."

"चालली असती?"

आता मला तिच्या विचारण्याचा रोख कळला. पण खोटं सांगावंसं वाटेना. "हो, चालली असती," मी म्हटलं.

त्या वर्ष-दीड वर्षात मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. आता डोळ्यांतून पाणी आलं तरी तिने ते पुसलं नाही, कारण एका हातात पेढा होता आणि दुसरा मानेमागे.

"सटवाईनं लिवला होता, असा समजून मी गप होते," ती म्हणाली. "तिनंच लिवला असता तर बरा होता, बाई."