पाचव्या डेकवरचं दार

जयगडच्या खाडीकाठी वाढलेला मुनाफ होडेकर सतराव्या वर्षीच हात उचलण्यासाठी बदनाम होता. होडी कुठे बांधायची यावरून बोलाचाली झाली की याच्या हातात वल्हं आलेलंच असायचं. एकदा त्याने चुलतभावाचे दोन दात पाडले. तेव्हा बापाने गुपचूप पासपोर्ट काढून आणला आणि म्हणाला, "आता तिकडे जाऊन मार. तिकडचे लोक बघून घेतील तुला."

बाविसाव्या वर्षी मुनाफ सौदीतल्या खमीस मुशैतच्या एका लाँड्रीत लागला. तिथेही तीन वर्षांत दोन मारामाऱ्या झाल्या. दुसऱ्या वेळी कफीलने, म्हणजे त्याला आणणाऱ्या मालकाने, त्याचा इकामा, राहायचा परवाना, टेबलावर ठेवला आणि एवढंच म्हणाला, "खलास." तिथून कोणाच्या तरी ओळखीने तो राबिघजवळ टाक्या साफ करणाऱ्या एका छोट्या ठेकेदाराकडे आला. काम विचित्र होतं. टाकीच्या तोंडाशी उभं राहायचं, आत कोण उतरलं आणि बाहेर कोण आलं ते वहीत लिहायचं, आणि परवानगीशिवाय कोणालाही आत जाऊ द्यायचं नाही. दिवसभर नुसतं उभं राहायचं. मुनाफला वाटलं, हे काम आपल्याला वेडं करणार.

आठव्या महिन्यात टाकीत उतरलेले दोघे वायूने कोसळले. त्यातल्या एकाचा मोठा भाऊ, नदीम, बाहेर पाइप ओढत होता. आवाज ऐकून तो धावत आला आणि थेट शिडीवर चढला. मुनाफने त्याला मागून ओढलं. नदीम चावला, लाथा मारू लागला. मुनाफने त्याच्या नाकावर ठोसा हाणला, तो पडला तसा त्याच्या छातीवर बसला आणि उठायला लागला की पुन्हा हाणला. मुखवटे घातलेली माणसं यायला अकरा मिनिटं लागली. ती अकरा मिनिटं नदीम रक्ताने भरलेल्या तोंडाने भावाला हाका मारत होता. आतले दोघेही गेले होते. नंतर सगळ्यांनी सांगितलं, नदीम उतरला असता तर तिसरा मुडदा निघाला असता. नदीमला ते पटलं असेल-नसेल. जाताना तो मुनाफच्या तोंडावर थुंकला आणि निघून गेला.

त्यानंतर अठरा वर्षं मुनाफने कोणावर हात उगारला नाही. तो दारांचाच माणूस झाला. टाक्या, गोदामं, फाटकं.

महामारीत ठेकेदाराचं काम बंद पडलं. वर्षभर मुनाफ जेद्दाहच्या अल अझीझियात गाववाल्याच्या दुकानात माल लावत होता. २०२१च्या उन्हाळ्यात तांबड्या समुद्रातल्या सहली पुन्हा सुरू व्हायच्या होत्या आणि एका जहाज कंपनीला आरोग्याच्या कामासाठी माणसं हवी होती. टाकीवरचा अनुभव ऐकून त्यांनी मुनाफला लगेच घेतलं.

जहाजावर नियमांचा डोंगर होता. दोन्ही लशी घेतलेल्यांनाच प्रवेश. निघायच्या आधी एक चाचणी, बंदरावर दुसरी. जेवणाच्या हॉलमध्ये कोणी स्वतः वाढून घ्यायचं नाही. नाटकघरात एक खुर्ची सोडून बसायचं. प्रत्येकाच्या मनगटावर पट्टा, कोण कोणाच्या जवळ किती वेळ होतं ते त्यावरून कळायचं. आणि पाचव्या डेकच्या मागच्या टोकाला एक बंद बोळ. त्यात चौदा खोल्या, प्रत्येकीला स्वतःची गॅलरी, हवा वेगळी. कोणी पॉझिटिव्ह निघालं की ते तिकडे. त्या बोळाच्या दारावर मुनाफ. दाराला एक गोल काच, उघडायचं कार्ड मुनाफच्या गळ्यात, आणि हातात पुन्हा तीच वही.

"नातेवाईक आले तर?" त्याने प्रशिक्षणात विचारलं होतं.

"नातेवाईकांना आत सोडायचं नाही," उत्तर आलं.

"ते कळलं. त्यांना सांगायचं काय?"

त्याचं उत्तर पुस्तिकेत नव्हतं.

तिसऱ्या सफरीला रियाधहून एक मराठी कुटुंब आलं. बँकेत काम करणारा गिरीश, बायको विभावरी, पंधरा वर्षांची अवनी. चढताना ताप मोजायला मुनाफच होता. त्याच्या छातीवरची पाटी वाचून गिरीश थांबला.

"होडेकर? रत्नागिरीकडचे का हो तुम्ही?"

"जयगड."

"अरे वा! आम्ही लहानपणी गुहागरला जायचो. बाबा फेरीबोटीतून न्यायचे." बोलता बोलता गिरीशचा चेहरा उतरला. "बाबा गेले एप्रिलमध्ये. पुण्यात. मला जाता नाही आलं."

"अल्ला त्यांना जन्नत देवो," मुनाफ म्हणाला. रांग लांब होती. ते पुढे गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी विभावरीला ताप भरला. चाचणी पॉझिटिव्ह आली. गिरीश आणि अवनीची निगेटिव्ह होती, पण त्यांनाही आपल्या खोलीतच थांबायला सांगितलं गेलं. विभावरी स्वतःच्या पायांनी चालत पाचव्या डेकवर आली आणि मुनाफला म्हणाली, "माझ्या मिस्टरांना जरा सांभाळून घ्या. ते घाबरतात हल्ली."

दुपारी तीनच्या सुमाराला तिला धाप लागली. जहाजाची डॉक्टर हाना, इजिप्तची तरुण बाई, पांढरा पोशाख चढवून ऑक्सिजनची टाकी ढकलत आत पळाली. मागे दार बंद झालं. नेमका त्याच वेळी गिरीश खोलीतून निसटून जिना उतरला. त्याला ढकलगाडीवरची टाकी दिसली आणि मिटणारं दार दिसलं.

"ती टाकी कोणासाठी?"

"साहेब, तुम्ही खोलीत जा. डॉक्टर आत आहेत. मी फोन करायला सांगतो."

"विभासाठी आहे ना? दार उघडा."

"नाही उघडता येणार."

"माझ्या बाबांनाही असंच नेलं!" गिरीश ओरडला. "व्हिडिओवर टाकी दिसली, पडदा लागला, आणि मग एकदम प्लास्टिकचं गाठोडं! उघड दार!"

मुनाफने दोन्ही हात पुढे केले. गिरीशने त्याच्या गळ्यातली कार्डाची पट्टी पकडून हिसका दिला. पट्टी तुटली नाही, मुनाफच्या मानेत रुतली. दुसऱ्या हिसक्याला मुनाफचं कपाळ दाराच्या कडीवर आपटलं. तोंडावरची प्लास्टिकची ढाल फुटली, मास्क फाटून एका कानाला लोंबू लागला, डोळ्यात रक्त उतरलं. गिरीशने त्याच्या बरगडीत गुडघा घातला. एकदा, दोनदा.

तिसऱ्या गुडघ्याला मुनाफच्या आतलं काहीतरी सुटलं. पुढे तो स्वतःच सांगायचा, "दाराचा विचार नव्हता तेव्हा. नियमाचा नव्हता. हा माणूस मला नको होता, बस." त्याचा उजवा हात गिरीशच्या गळ्यावर बसला. त्याने त्याला भिंतीवर दाबलं आणि अंगठा आत रोवला. गिरीशच्या टाचा जमिनीवरून उचलल्या गेल्या. तो मुनाफचं मनगट ओरबाडत राहिला, मग ओरबाडणंही हळू झालं. चेहरा आधी लाल, मग जांभळा. मुनाफ त्याच्याकडे बघत होता आणि दाबत होता.

"लीव्ह हिम! ही कान्ट ब्रीद!" बापाच्या मागे आलेली अवनी जिन्यावरून किंचाळली. मग मराठीत, आईशी बोलावं तशी, "काका, नका ना! नका!"

मुनाफने हात सोडला. गिरीश खाली घसरला, खोकला, ओकला. मुनाफ दाराला पाठ टेकून हाताकडे बघत उभा राहिला. त्या चार-पाच क्षणांत तो बाजूला झाला असता तर पुढचं टळलं असतं. गिरीशने भिंतीवरचं आग विझवायचं लाल नळकांडं काढलं आणि दोन्ही हातांनी खाली आणलं. पहिला घाव उजव्या खांद्यावर बसला. हाड मोडल्याचा आवाज अवनीने जिन्यावर ऐकला. दुसरा कानाखाली लागला. मुनाफ दारासमोर आडवा पडला. दार बाहेरच्या बाजूला उघडणारं होतं, आणि त्याचं धूड मधे होतं. गिरीश त्याला लाथा मारत होता, हात धरून ओढत होता, मोडलेलाच हात. मुनाफ गुरासारखा ओरडत होता, पण त्याने डावा हात दाराच्या कडीत अडकवला होता आणि तो सोडला नाही.

सुरक्षारक्षक आले तेव्हा गिरीशच्या बुटांना रक्त होतं आणि तो रडत होता.

हानाने मुनाफचा खांदा बांधला, कानाखाली नऊ टाके घातले. मग दोघांचीही पुन्हा चाचणी झाली. गिरीश पॉझिटिव्ह निघाला. मास्क फाटल्यावर दहा मिनिटं तो मुनाफच्या तोंडावर ओरडत होता, तेव्हा नियमाप्रमाणे मुनाफलाही आत जावं लागलं. खोल्या एकीला लागून एक दिल्या गेल्या. दुसऱ्या रिकाम्या नव्हत्या असं नाही. कोणी तेवढा विचार केला नाही, एवढंच.

गॅलऱ्यांच्या मधे एक धुरकट पत्रा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मुनाफ उन्हात बसला होता. पलीकडे खुर्ची सरकली.

"होडेकर," गिरीशचा आवाज घोगरा होता, गळा सुजलेला. "खांदा कसा आहे?"

मुनाफला वाटत होतं, डावा हात तरी चांगला आहे. पत्रा फोडून याला उचलावं आणि दर्यात टाकावं.

"विभाचा ऑक्सिजन काढला. ठीक आहे म्हणे ती. पलीकडच्या टोकाला आहे."

"मला ठाऊक आहे," मुनाफ म्हणाला. "माझ्या वहीत आहे ती."

मग गिरीश बोलू लागला. बाबांना दवाखान्यात नेलं तेव्हा रिक्षातून त्यांनी व्हिडिओ लावला होता, आत टाकी दिसून पडदा लागेपर्यंत तो चालू होता. नंतर सहा दिवस कोणी फोन उचलला नाही. सातव्या दिवशी उचलला, तो बाबा गेले हे सांगायलाच.

"मला फक्त बघायचं होतं तिला," तो म्हणाला. "कोणी एक वाक्य सांगितलं असतं तरी चाललं असतं."

"मी विचारलं होतं," मुनाफ म्हणाला, "लोकांना काय सांगायचं ते. मलाही कोणी सांगितलं नाही." आणि मग पत्र्याकडे तोंड करून म्हणाला, "पण त्यासाठी माझं हाड नव्हतं मोडायचं तुम्ही. मी सोडल्यावर मारलंत. सोडल्यावर!"

पलीकडे खुर्ची सरकली आणि दार लागलं.

चौथ्या दिवशी मुनाफलाही ताप आला. जेद्दाहला उतरल्यावर तो नऊ दिवस विलगीकरणात होता. गावाकडे त्याची बायको अमिरुन्निसा रोज व्हिडिओवर यायची आणि तो रोज कॅमेरा कपाळाच्या वर धरायचा. पाचव्या दिवशी ती म्हणाली, "फोन खाली घ्या." त्याने घेतला. टाके बघून तिने आधी विचारलं, "तुम्ही कोणाला मारलंत?"

जबाब द्यायच्या आदल्या दिवशी कंपनीचा एक साहेब भेटायला आला. सहली नुकत्याच सुरू झाल्या आहेत, तो म्हणाला. वर्तमानपत्रात आलं तर सगळ्यांच्याच नोकऱ्या जातील. जिन्यावरून पडलो असं सांग, आम्ही तुला सांभाळू.

"आणि त्या माणसाच्या गळ्यावरच्या खुणा?" मुनाफने विचारलं. "तोही जिन्यावरून पडला?"

त्याने पोलिसांना सगळं सांगितलं. दुभाषा हिंदी बोलणारा होता. गुडघे, पट्टी, नळकांडं, आणि नातेवाईकांना काय सांगायचं ते आपल्याला कोणी सांगितलं नव्हतं, तेही. आणि न विचारता हेही सांगितलं, की मी त्याचा गळा धरला होता आणि पोरगी ओरडली नसती तर तो मेला असता. दुभाषाने पेन थांबवलं. "हे लिहू?"

"लिही."

प्रवाशावर हात टाकला म्हणून कंपनीने मुनाफला काढलं आणि तो पुन्हा गाववाल्याच्या दुकानात लागला. गिरीशला अटक झाली. महिनाभराने वकिलाचा निरोप आला, की मुनाफने आपल्या बाजूने माफीच्या कागदावर सही केली तर तो लवकर सुटेल. मुनाफने निरोप्याला परत पाठवलं. दुसऱ्यांदाही पाठवलं. उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता. दुकानात वरच्या फळीवरचा डबा काढायला स्टूल घ्यावं लागायचं, आणि प्रत्येक वेळी स्टूल घेताना त्याला तो लाल रंग दिसायचा.

जहाजावरच्या जुन्या सोबत्याकडून त्याला कळलं, की आता पाचव्या डेकच्या दाराबाहेर एक टॅब्लेट बसवला आहे. आतल्या रोग्याशी नातेवाईकांना दर दोन तासांनी बोलता येतं, आणि हाना स्वतः बाहेर येऊन काय चाललं आहे ते सांगते. मुनाफच्या जबाबातलं नातेवाईकांबद्दलचं ते एक वाक्य तिनेच धरून ठेवलं होतं. त्याच संध्याकाळी त्याने वकिलाला फोन केला आणि सही द्यायला तयार झाला. दोन्हींचा संबंध काय, ते त्यालाही सांगता आलं नाही.

हिवाळ्यात विभावरी आणि अवनी अल अझीझियातल्या दुकानात आल्या. गिरीश सुटला होता, पण आला नव्हता. विभावरीने त्याच्या वतीने माफी मागितली नाही. ती म्हणाली, "मी आतून सगळं ऐकत होते. मला उठता येत नव्हतं."

"बरं झालं नाही उठलात," मुनाफ म्हणाला. त्याने चहा मागवला.

कप तसाच हातात धरून अवनीने विचारलं, "अंकल, मी ओरडले नसते तर?"

विभावरीने तिचा दंड दाबला. मुनाफने पोरीकडे पाहिलं. खोटं बोलणं सोपं होतं.

"सोडला नसता," तो म्हणाला.

अवनीने मान हलवली, जणू तिला तेच ऐकायचं होतं, आणि चहाचा पहिला घोट घेतला. नंतर ती जयगडच्या फेरीबोटीबद्दल विचारत राहिली, ती अजून चालते का, गाड्या नेते का. गिऱ्हाइकं येईपर्यंत मुनाफ तिला सांगत बसला.