ती फ्रेम मेलेली नव्हती

परवा लोणावळ्यात जुन्या स्टीलच्या सायकली जपणाऱ्या मंडळींनी मला बोलावून शाल दिली. एकाने मोबाइलवरून माझंच जुनं वाक्य वाचलं : ‘विलायती फ्रेम जिवंत, आपल्याकडची मेलेली.’ सगळ्यांनी माना डोलावल्या. माझं डोकंच सणकलं. त्यातल्या एकानेही आपल्याकडची हातबनावटीची फ्रेम चालवलेली नव्हती. फ्रेमवरचा स्टिकर वाचून यांना सायकल कळते! पण खोटं त्यांचं नव्हतं, माझं होतं.

आम्ही पंचविशीत असताना भाजे गावच्या माझ्या मित्राने बारीक पोलादी नळ्या पितळेनं जोडून एक फ्रेम केली. माझ्याकडे विलायती सायकल होती. पेडलवर उभं राहिलं की ती उसळायची, पण खडबडीत डांबरावर हँडल मनगटापर्यंत झिणझिण्या आणायचं. त्याची सायकल उचल किंचित उशिरा घ्यायची, पण एकदा लागली की चढावर मागून कुणी हात दिल्यासारखी जायची. कामशेतच्या उतारावर रेघ मारल्यासारखी सरळ. पुढच्या चाकाच्या चिमट्याला त्याने दिलेला बाक खड्डे गिळून टाकायचा. मी ती चालवली होती. मला हे सगळं माहीत होतं.

आमचा क्लब नव्या फ्रेम करून घेणार होता. काम त्याला मिळालं, तर तो स्वतःचं वर्कशॉप टाकणार होता. दोन्ही सायकली चालवून क्लबचे प्रशिक्षक, आमचे सर, निर्णय देणार होते. सकाळी सोमाटण्याला तो सगळ्यांसाठी चहा सांगायला गेला आणि मी त्याच्या चाकांत दगडासारखी हवा भरली. माझ्या चाकांतली थोडी सोडली, म्हणजे ती मऊ चालावी. त्याच्या हातचं माझ्या विलायतीहून सरस ठरावं, हे मला सोसवेना. तो कुठल्या वस्तीतला होता, हेही त्यात होतं. आता लपवत नाही.

बसण्याआधी टायर अंगठ्याने दाबून पाहायचं, ही आमच्यातली पहिली शिकवण. सरांनी माझं टायर दाबलं. त्याचं दाबलं नाही. निकाल आधीच ठरलेला असला की तपासतो कोण?

त्याची सायकल चालवून सर परत आले ते मनगटं झटकत. “पहारीवर बसल्यासारखं वाटतं रे. मेलेली फ्रेम.” मग माझ्याकडे वळले. “तू चालवली आहेस ना? काय म्हणतोस?”

“मेलेलीच,” मी म्हणालो.

तो जन्मभर खिडक्यांचे ग्रिल करत राहिला. मी ते वाक्य जागोजागी सांगत राहिलो.

शाल मिळाल्याच्या दुसऱ्या दिवशी मी भाज्याला गेलो. तो त्याच सायकलीच्या कॅरिअरला गवताचा भारा बांधत होता. एका दमात सगळं सांगून टाकलं.

“ठाव हाय मला,” तो दोरी आवळत म्हणाला. “त्याच दिशी घरी जाताना चाक दाबलं. अंगठा आत जाईना. मी भरलेली हवा मला वळखता येत न्हाई व्हय?”

आता मला त्याचाच राग आला. “मग बोलला का नाहीस?”

“कुणाला बोलू? सरांनी तुलाच इचारलं असतं. तू काय सांगितलं असतंस?”

दारातून वहिनी म्हणाल्या, “भावजी, इतक्या वर्सांनी आलायसा, तर चा घेऊन भांडा की.”

“त्याला आदी सायकलीवर बसू दे,” म्हणत त्याने भारा उतरवला. “पर चाक दाब पयलं.”

दाबलं. अंगठा हवा तेवढाच आत गेला. मळवलीच्या रस्त्याला लागलो. पहिला खड्डा आला, चिमट्याने तो गिळला आणि हँडल माझ्या हातात जराही थरथरलं नाही. माझ्या तोंडून स्वतःलाच शिवी गेली.

परत आलो तर तो म्हणाला, “मला कशाला सांगतूस? मला म्हाईतच हाय. त्या शालवाल्यांना सांग.”

म्हणून सांगतो, शालवाल्यांनो. भाज्यात झालेली ती फ्रेम तुमच्या जपलेल्या कुठल्याही सायकलीइतकी जिवंत आहे. तिला मेलेली मी ठरवलं, हातात पंप घेऊन. ते वाक्य पुसा. आणि शाल घेऊन जा.