दोन बोटं माया

मास्तरांच्या शिवणकामाच्या दुकानात घड्याळ होतं, पण कॅलेंडर नव्हतं. मुद्दामच नव्हतं. कॅलेंडर असलं की गिऱ्हाईक त्याच्यावर बोट ठेवून विचारतं, "मास्तर, मंगळवार म्हणाला होतात, आज काय आहे?" मग मशीनवरून मान वर न करता सांगावं लागतं, "झालंय हो सगळं, बटणं तेवढी राहिलीत." कापड अजून गठ्ठ्यातून बाहेरही आलेलं नसे, पण बटणं मात्र तेवढीच राहिलेली असत. गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक होतं, तरी सगळे शिवायला टाकत ते मास्तरांकडेच. कपडा एकदाचा हातात आला की अंगावर असा बसायचा की माणूस भांडायला आलोय हे विसरून आरशात बघत राहायचा.

अशा या मास्तरांनी आयुष्यात पहिल्यांदा एक तारीख दिली आणि ती पाळायचीच असं मनाशी ठरवलं. तारीख दिली होती बायकोला.

त्याचं असं झालं. त्यांच्या स्वयंपाकघरात ओट्याखाली, अगदी कोपऱ्यात, एक काळोखं भगदाड होतं. मोठी पातेली, कढया, जगातली सगळी झाकणं त्यात. झाकण हवं असलं की मास्तरीणबाई जमिनीवर बसणार, डोकं आत घालणार आणि आतून आवाज येणार, "अहो, बॅटरी आणा!" मास्तर बॅटरी नेऊन देत आणि परत पुढच्या खोलीतल्या दुकानात मशीनवर येऊन बसत. इतकी वर्षं त्यांना यात काही वावगं वाटलं नव्हतं. मग बाईंचे गुडघे गेले, ऑपरेशन झालं, त्या विश्रांतीला लेकीकडे गेल्या आणि लेकीने बापाला फोनवर सरळच सांगून टाकलं.

"बाबा, डॉक्टर म्हणालेत, वाकायचं नाही, खाली बसायचं नाही. त्या भगदाडात रांगायला मी आईला पाठवणार नाही. इथे तिची खोली तयार आहे. राहू दे तिला इथेच."

"इथेच म्हणजे किती दिवस?"

"इथेच म्हणजे इथेच, बाबा."

घरात करमत नव्हतं, हे मास्तरांनी कोणाला सांगितलं नव्हतं. सांगणार तरी काय? दिवसभर 'अहो' म्हणणारं कोणी नसलं की माणसाला आपलं नावच कुणीतरी उचलून नेल्यासारखं वाटतं. पण बायकोशी असलं काही बोलणं म्हणजे मास्तरांच्या लेखी गिऱ्हाइकाला वेळेवर कपडे देण्याइतकीच अशक्य गोष्ट. ते फोनवर एवढंच म्हणाले, "शुक्रवारी घेऊन ये तिला. ओटा नवा करतोय. नाही झालेला दिसला तर खुशाल परत घेऊन जा."

पलीकडे बाईंचा आवाज आला, "कुठल्या शुक्रवारी, विचार गं." लेक हसली. मास्तर हसले नाहीत.

कोपऱ्यावरचा सुतार म्हणाला, दोन महिने थांबा. मास्तर ताडकन उठले. "तारीख न पाळणारी माणसं मला चालत नाहीत," असं सुताराला सुनावून ते बाहेर पडले आणि त्यांना स्वतःलाही यात काही विनोद दिसला नाही. मग त्यांनी सुट्या फळ्यांचं, घरीच जोडायचं कोपऱ्याचं स्वयंपाकघर मागवलं. त्यात कोपऱ्यात एक फिरतं कपाट होतं. दार उघडलं की आतले गोल खण गरगर फिरत पुढे येतात. वाकायला नको, बॅटरी नको.

फोनवरच्या मुलीने मापं विचारली. मास्तरांनी टेप लावून भिंतीवर एकेका कपाटाचं माप घेतलं आणि जन्माची सवय, प्रत्येक मापावर दोन बोटं वाढवून सांगितलं. कापड बेतताना दोन बोटं जास्त धरायची आणि ती शिवणीच्या आत दुमडून ठेवायची. उद्या अंग भरलं तर उसवून सैल करता येतं. याला माया म्हणतात. मायेशिवाय माप मास्तरांनी कधी घेतलंच नव्हतं.

"काका, नक्की ना? कापलेला माल परत घेत नाही आम्ही."

"पोरी," मास्तर म्हणाले, "अख्ख्या गावाचं माप मी काढतो. माझं माप काढायचं नाही."

खोकी आली ती अशी चपटी की मास्तरांना वाटलं, स्वयंपाकघर मागून येतंय आणि हे नुसतं त्याचं आवरण आहे. उघडली तर आत फळ्या, बिजागऱ्या, स्क्रूंच्या पुड्या आणि एक चित्रांचं पुस्तक. पुस्तकात शब्द नावाला नाही. एक गोल डोक्याचा माणूस पानापानावर हसत फळ्या जोडत होता.

"ह्याच्या अंगावर कपडे नाहीत," मास्तर म्हणाले.

"चित्र आहे ते," पायलट म्हणाला. पायलट म्हणजे शेजारचा निवृत्त बस ड्रायव्हर. मदतीला बोलावलेला नव्हता, पण खोकी आत येताना "येऊ द्या, येऊ द्या, डावीकडे मारा, बस्स!" असं ओरडायला कोणीतरी लागतंच, म्हणून आला आणि राहिला.

"चित्र असलं म्हणून काय झालं? ज्याला स्वतःला विजार नाही त्याने मला शिकवायचं?" मास्तरांनी पुस्तक मिटून ठेवलं.

पहिलं कपाट त्यांनी एकट्याने जोडलं आणि छान जोडलं. कोपरे काटकोनात, फटी कुठे नाहीत. फक्त गुळगुळीत पांढरी बाजू सगळी आत होती आणि भुश्शाची खरखरीत बाजू बाहेर. पायलटने भोवती एक फेरी मारली.

"मास्तर, हे उलटं झालंय."

"उलट्या बाजूनेच शिवतात. शिवून झालं की पलटायचं."

दोघेही कपाटाकडे बघत राहिले. कपाट काही पलटण्याच्या विचारात दिसेना. मास्तरांच्या कपाळावर हळूहळू घाम आला. "उसवा," ते म्हणाले. पायलटने मुकाट्याने स्क्रूड्रायव्हर उचलला.

दुसऱ्या वेळी बाजू बरोबर आली, पण स्क्रू त्यांनी सगळे अर्धेच पिळले. हा कच्चा टाका. ट्रायल झाल्याशिवाय पक्की शिलाई कोण मारतो? पायलटला हे माहीत नव्हतं. तो दमून कपाटाला टेकला आणि कपाट, पायलट आणि हातातला चहा असे तिघे क्रमाक्रमाने जमिनीवर आले.

"ट्रायलच्या वेळी हालचाल करायची नसते," मास्तर शांतपणे म्हणाले. खरं तर त्यांचाही धीर सुटत चालला होता. गुरुवार उजाडला होता. दुकानाचं दार बंद, बाहेर गिऱ्हाइकं कडी वाजवून जात होती आणि मास्तर आतून ओरडत होते, "झालंय, बटणं राहिलीत!" शेवटी त्यांनी अपमान गिळला, पुस्तक उघडलं आणि त्या उघड्या माणसाचं एकेक पान निमूटपणे ऐकलं. संध्याकाळपर्यंत फिरतं कपाट फिरायला लागलं. मास्तरांनी ते इतक्या वेळा फिरवलं की पायलटला गरगरलं.

शुक्रवारी सकाळी दोन्ही कपाटं ओळीने कोपऱ्यात बसवायला घेतली. पायलट दारात उभा राहून हात हलवू लागला. "येऊ द्या... येऊ द्या... अजून... थांबा! थांबा, थांबा! दार आलं!"

दार आलं होतं खरं. कोपऱ्यातलं कपाट भिंतीला अगदी टेकलं होतं, शेजारचं त्याला टेकलं होतं आणि तरी त्या शेजारच्याची कड चौकटीच्या पुढे वाटेत आली होती. मास्तरांनी बोटं लावून बघितलं. एका कपाटाची दोन बोटं आणि दुसऱ्याची दोन. त्यांना कळलं. खाली बसायला स्टूल नव्हतं, म्हणून ते पातेल्यावर बसले.

"काय झालं?" पायलटने विचारलं.

"माया," मास्तर म्हणाले.

"काय?"

"मी लाकडाला माया धरली हो. आता ही दुमडू कुठे?"

पायलट म्हणाला, कापून टाका. मास्तरांनी कानावरचा खडू काढला, फळीवर रेघ मारली, करवत धरली. रेघ बरोबर खणांच्या स्क्रूंवरून जात होती. कापलं तर खण गेले. हात थांबला. बायको दुपारी येणार, लेक बघणार, म्हणणार चल आई, आणि मग ती कायमची तिकडे. एका सवयीपायी. मास्तरांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते खडूच्या हाताने पुसले, त्यामुळे चेहरा पांढरा झाला.

पायलटने बसच्या अनुभवाने मार्ग काढला. "गाडी गॅरेजात मावत नाही ना? मग गॅरेजचं दार काढायचं." दोघांनी स्वयंपाकघराचं दार बिजागऱ्यांसकट काढून बाहेर भिंतीला टेकवलं. कड पुढे होतीच, पण निदान वाट झाली. मग मास्तरांनी स्क्रू पक्के पिळले, भांडी रचली आणि दारांच्या गोल, बटणांसारख्या मुठी लावायला घेतल्या तर त्यांची पुडी सापडेना. त्यांनी घाईघाईने जुन्या कापडी पट्टीचे फासे शिवले, मुठींच्या भोकांतून ओवून मागे गाठी मारल्या आणि तेवढ्यात बाहेर गाडी थांबली.

लेक आधी आत आली. "बाबा, दार का काढलंय?"

"हवा खेळती राहायला."

"तोंडाला काय लावलंय? बरं, ते असू दे. ओटा झाला का?"

मास्तर म्हणाले, "झालाय सगळा. बटणं तेवढी राहिलीत."

लेकीने डोळे मिटले. "आई, चप्पल काढू नकोस. आपण परत जातोय."

"अगं, खरंच बटणंच राहिलीत!" मास्तर कळवळून म्हणाले. जन्मभर हे वाक्य खोटं बोललेल्या माणसाला ते एकदा खरं बोलायची पाळी यावी आणि कोणी विश्वास ठेवू नये, याहून वाईट काय असतं? पायलट छातीवर हात ठेवून म्हणाला, "शप्पथ सांगतो, ह्या वेळी बटणंच."

बाई काठी टेकत आत आल्या. वळताना त्यांचं कोपर त्या पुढे आलेल्या कडेला धाडकन लागलं. "आई गं!" मग त्यांनी काठी कडेला टेकवली, एक फासा ओढला, दार उघडलं आणि आत हात लावला. खण फिरले. पातेली आली, कढया आल्या, मागोमाग झाकणं आली आणि पुढे येऊन थांबली. बाई ताठ उभ्या होत्या. त्यांनी पुन्हा फिरवलं. मग उलट्या बाजूने फिरवलं. मग लेकीकडे बघून म्हणाल्या, "माझी पिशवी आण गाडीतून."

लेक पिशवी घेऊन आली आणि कडेकडे बघत म्हणाली, "हे मात्र वाटेत येतंय हं. सुताराला सांगून कापून घेऊया."

बाईंनी कोपर चोळत विचारलं, "अहो, हे पुढे आलंय काय?"

"माया," मास्तर खाली बघत म्हणाले. "दोन-दोन बोटं."

"माया आतून ठेवतात ना? बाहेर कोणाला दिसू नये म्हणून?"

"ठेवतात. चुकून बाहेर आली."

बाई त्यांच्या पांढऱ्या चेहऱ्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. मग त्यांनी त्या कडेवर तळहात ठेवला. "राहू दे," त्या लेकीला म्हणाल्या. "कोणी हात लावायचा नाही तिला." आणि नवऱ्याकडे वळल्या.

"आणि बटणं कधी लावणार?"

"मंगळवारी."

"कुठल्या?"