मिसळणाच्या डब्यातल्या गोळ्या

१९९२ च्या मार्चमध्ये, चौथ्या मंगळवारी, सकाळी सव्वासातच्या सुमारास डोंबिवली पूर्वेला आमच्या राहत्या घरी माझ्या आईला पक्षाघाताचा झटका आला. तिचं वय एकाहत्तर होतं. उजवा हात, उजवा पाय आणि वाचा गेली. रुग्णालयाच्या कागदावर डॉक्टरांनी एक ओळ लिहिली : रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या घेण्यात खंड – नातेवाइकांच्या सांगण्यावरून.

ते नातेवाईक म्हणजे मी. आणि ती ओळ खोटी आहे.

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, बहिणीला नाही, डॉक्टरांना तर नाहीच. तुम्हाला सांगतो आहे. तुम्ही मला ओळखत नाही, कदाचित म्हणूनच.

मी एका मराठी दैनिकाच्या ठाणे कार्यालयात उपसंपादक होतो. दुसऱ्यांनी आणलेल्या बातम्या तपासायच्या आणि पानावर लावायच्या, हे माझं काम. ‘कोण म्हणालं? कशावरून?’ हे दोन प्रश्न विचारल्याशिवाय मी एकही ओळ पुढे सोडत नसे. नवे वार्ताहर त्यावरून माझी नक्कलही करत. ते मला माहीत होतं आणि आवडत होतं.

आईचा आजार १९९० मध्ये कळला. तिच्या हृदयाचे ठोके अनियमित पडत होते. ठाण्याच्या डॉक्टरांनी समजावून सांगितलं की ठोके असे अडखळत पडले तर हृदयात रक्ताची गुठळी होऊ शकते, आणि ती मेंदूकडे गेली तर पक्षाघात. म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी. एक दिवस एक, दुसऱ्या दिवशी अर्धी. दर सहा आठवड्यांनी रक्त गोठायला किती वेळ लागतो याची तपासणी. ‘गोळी कमी पडली तर गुठळी, जास्त झाली तर रक्तस्राव,’ डॉक्टर म्हणाले. ‘मधली वाट अरुंद आहे. आपल्या मनानं काही करू नका.’ हे वाक्य मी वहीत लिहून घेतलं होतं.

गोळीचे त्रास पहिल्या महिन्यातच सुरू झाले. दात घासताना हिरड्यांतून रक्त यायचं, म्हणून आईनं ब्रश टाकून बोटानं मंजन लावायला सुरुवात केली. विळीवर बसणं बंद झालं. एकदा भोपळा चिरताना अंगठ्याला नखाएवढी चीर गेली आणि पाऊण तास रक्त थांबेना. त्या दिवसापासून सगळं चिरणं सुनंदाकडे गेलं. सुनंदा म्हणजे माझी बायको. आईचे गुडघे दुखत, पण नेहमीची दुखण्याची गोळी या गोळीबरोबर चालत नव्हती. मग गरम तेल आणि शेक. पालेभाजी रोज खायची नाही, खायची तर ठरलेल्या मापानं. आईला अळूचं फतफतं फार प्रिय. तिनं गुरुवार ठरवला आणि एक वाटी ठरवली. दुसरी वाटी तिनं कधी मागितली नाही.

गोळ्या चुकू नयेत म्हणून तिनंच युक्ती काढली. घरात एक जुना मिसळणाचा डबा होता, आत सात वाट्या. आठवड्याचे वार सात. मधली वाटी रविवारची, मोहरीची सोमवारची, हळदीची मंगळवारची, असं तिनं लावून घेतलं. दर रविवारी सकाळी मी दाढीच्या ब्लेडनं गोळ्या कापायचो आणि वाट्या भरायचो. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता आणि सुनंदाला ब्लेडची भीती वाटायची, म्हणून ते काम माझं. संध्याकाळी दिवा लावून झाला की सुनंदा डबा आणि पाणी घेऊन जायची आणि त्या वाराची वाटी तशीच आईच्या हातावर उपडी करायची. आई विचारायची, ‘आज काय गं, हळद की जिरं?’ गोळी घेऊन झाली की आई भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर त्या तारखेला पेन्सिलीनं एक रेघ मारायची. आधी गोळी, मग रेघ. या क्रमात दोन वर्षांत कधी बदल झाला नाही. हे मी स्वतः पाहिलेलं आहे.

हे सगळं मी इतक्या बारकाईनं का सांगतो आहे? कारण पुढे मी काय बोललो ते कळायला एवढं लागेल. आणि खरं सांगायचं तर – मी अजून मुद्द्यापासून लांब राहतो आहे.

आणखी एक त्रास होता : डाग. कुठे जरा दाबलं, घासलं, की आईच्या कातडीखाली रक्त साकळायचं. आधी जांभळं, मग हिरवट, मग पिवळं. दंडांवर सर्वांत जास्त, कारण मोरीतून उठताना सुनंदा तिला दंडाला धरून आधार द्यायची. तिच्या बोटांचे चार ठसे दुसऱ्या दिवशी उमटलेले असत.

१९९२ च्या जानेवारीत आमच्याकडे संक्रांतीचं हळदीकुंकू झालं. आई आतल्या खोलीत तिळगुळाच्या पुड्या बांधत होती. शेजारच्या कर्णिकबाई आत गेल्या, आणि पदर सरकला तेव्हा त्यांनी दंड पाहिला.

‘अगं बाई, हे काय हो आजी?’

‘पिकलेलं फळ आहे हो,’ आई म्हणाली. ‘बोट लावलं की डाग. त्या गोळीचे प्रताप सगळे.’

कर्णिकबाईंनी मान हलवली. पण जाताना सुनंदाकडे ज्या नजरेनं पाहिलं ते सुनंदानं मला त्याच दिवशी सांगितलं. ‘मी मारते असं वाटलं त्यांना,’ ती म्हणाली, आणि हसली. मी म्हणालो, लोकांचं काय मनावर घ्यायचं.

लोकांचं मनावर घेतलं ते मी. आठ-दहा दिवसांनी कार्यालयात सावंतनं विषय काढला. सावंत आमचा वार्ताहर, डोंबिवलीतच राहायचा. त्याची बायको आणि कर्णिकबाई एकाच भजनी मंडळात. चहाच्या वेळी, चार जणांसमोर तो म्हणाला, ‘काय रे, तुझ्या आईच्या हातांवर वळ आहेत म्हणे? वहिनी तशा नाहीत, मला माहितीय. पण सांभाळ बाबा. नाहीतर मलाच लिहावी लागेल. पत्रकाराच्या घरी वृद्धेचा छळ. तीन कॉलम.’

‘आणि हा म्हणेल, कोण म्हणालं, कशावरून?’ दुसरा कुणीतरी म्हणाला. सगळे हसले. मीही हसलो.

सावंतला तिथल्या तिथे गोळीचं सांगता आलं असतं. एका वाक्याचं काम होतं. मी ते वाक्य बोललो नाही, कारण आरोपीच्या घरचे नेहमी असंच काहीतरी सांगतात हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. अशी वाक्यं मीच कितीदा बातमीच्या शेवटच्या परिच्छेदात ढकलली होती.

फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी मी गोळ्या कापायला बसलो. अख्खीच्या जागी अर्धी ठेवली. अर्धीच्या जागी पाव. सातही वाट्या तशाच भरल्या, झाकण लावलं आणि डबा फडताळात ठेवला.

असं सात रविवार केलं. झटका आला त्याच्या दोन दिवस आधीचा आठवा.

काय विचार होता माझा? थोडे दिवस कमी करू, डाग जातील, लोकांची तोंडं बंद होतील, मग पुन्हा पूर्ववत. असा होता. पण असा विचार होता हे मी आज म्हणतो. तेव्हा विचार केला होता की नुसतंच केलं होतं, हे मला खात्रीनं सांगता येत नाही. डॉक्टरांना विचारलं असतं तर ते नाही म्हणाले असते. म्हणून विचारलं नाही. मार्चच्या सुरुवातीला रक्ताची तपासणी होती. तिच्यात सगळं दिसलं असतं. ‘सध्या निवडणुकीच्या बातम्या आहेत, पुढच्या महिन्यात जाऊ,’ असं मी आईला सांगितलं. महापालिकांच्या निवडणुका तेव्हा होत्या, हे खरं. तपासणीला सुनंदाही नेऊ शकली असती, हेही खरं.

आईनं एकदा विचारलं. गोळी तळहातावर घेऊन, डोळ्यांजवळ नेऊन. ‘लहान झाली का रे गोळी?’

‘कंपनी बदलली,’ मी म्हणालो.

तिनं गोळी घेतली आणि रेघ मारली.

डाग गेले. तीन आठवड्यांत दंड स्वच्छ झाले. आईला फार आनंद झाला. गॅलरीत कर्णिकबाई भेटल्या तेव्हा तिनं मुद्दाम पदर मागे घेऊन हात दाखवले. ‘बघा, मानवली एकदाची गोळी.’

मग तो मंगळवार.

गोळ्या कमी केल्या म्हणूनच झटका आला, हे सिद्ध झालेलं नाही. पूर्ण गोळ्या घेणाऱ्यांनाही तो येतो. हे मी पुढे दोन डॉक्टरांना दुसऱ्या कुणाचं म्हणून विचारून घेतलं आहे. त्या माहितीच्या आड मला लपता येत नाही, कारण रुग्णालयात मी जे केलं त्याचा या माहितीशी काही संबंध नाही.

डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि मला बाजूला घेतलं. ‘गोळीचा परिणाम दिसत नाही. नेमानं घेत होत्या का?’

आई आत खाटेवर होती. तिला बोलता येत नव्हतं. मी म्हणालो, ‘हल्ली विसरायची.’

एवढंच. दोन शब्द. डॉक्टरांनी ते लिहून घेतले. कशावरून, असं त्यांनी विचारलं नाही.

दुपारी ठाण्याहून माझी थोरली बहीण आली. ताईला डॉक्टरांनी तेच सांगितलं. तिनं सुनंदाला विचारलं, ‘गोळ्या कोण देत होतं?’

‘मीच देत होते, वन्सं. रोज दिवा लावला की.’

‘मग विसरली कशी?’

‘नाही विसरल्या. एकही दिवस नाही.’

दुसऱ्या दिवशी सुनंदा घरून दिनदर्शिका घेऊन आली. गुंडाळी करून, कापडी पिशवीत. रुग्णालयाच्या बाकावर तिनं ती उलगडली आणि फेब्रुवारी-मार्चची पानं ताईसमोर धरली. प्रत्येक तारखेवर पेन्सिलीची रेघ. ‘आईंच्या हातच्या आहेत. बघा ना तुम्ही.’

ताईनं माझ्याकडे पाहिलं. गोळ्या चुकल्या नसतील तर गोळ्या किती होत्या, हा पुढचा प्रश्न होता. वाट्या मी भरत होतो. ताईनं तो विचारायच्या आत मी बोललो.

‘रेघांचं काय. ती आठवड्याच्या रेघा एकदम मारून ठेवायची.’

सुनंदा माझ्याकडे बघत राहिली. आधी गोळी, मग रेघ – हे माझ्याइतकंच तिलाही माहीत होतं. माझ्याहून जास्त, कारण रोज समोर तीच उभी असायची. ती त्या क्षणी बोलली असती तर? ती बोलली नाही. तिनं दिनदर्शिकेची गुंडाळी केली, पिशवीत ठेवली आणि म्हणाली, ‘आईंची पेज आणायची आहे. मी जाऊन येते.’

तिला काय वाटलं असेल? मी आईला वेंधळी ठरवतो आहे, की तिला? मी खोटं का बोललो, हे तिनं कधी विचारलं नाही. तिनं विचारलं नाही म्हणून मी सांगितलं नाही – असं इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आलो. पण ती विचारणार नाही, हे मला तेव्हाच माहीत होतं. म्हणूनच मी तिच्यासमोर तसं बोलू शकलो.

आईला महिन्याभरानं घरी आणलं. गोळ्या पुन्हा पूर्ण मापात सुरू झाल्या, आणि डागही आले. आता त्यांच्याबद्दल कुणी बोललं नाही. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या अंगावर डाग असणारच, असं सगळ्यांनी धरलं. तिचं अंग पुसणं, कूस बदलणं, भरवणं, सगळं सुनंदा करायची. दर रविवारी ताई यायची. आली की चप्पल काढून आधी फडताळाकडे जायची, डबा उघडायची आणि उरलेल्या गोळ्या मोजायची.

‘बरोबर आहेत. आता तरी विसरू नकोस हं, सुनंदा.’

‘नाही, वन्सं.’

हा संवाद झाला की सुनंदा चहा टाकायला जायची. मी त्या वेळी खुर्चीत पेपर वाचत असे. असे रविवार शंभराच्या वर झाले असतील.

आई १९९४ च्या डिसेंबरमध्ये गेली. शेवटपर्यंत तिला बोलता आलं नाही. तेराव्याच्या दिवशी, पानं मांडलेली असताना ताई नातेवाइकांना म्हणाली, ‘गोळी वेळेवर मिळाली असती तर आई आज बसलेली दिसली असती.’ सुनंदा वाढत होती. तिनं हातातलं भांडं खाली ठेवलं नाही. पंगत पूर्ण वाढून मगच ती आत गेली. मी जेवत होतो.

त्यानंतर ताई आमच्याकडे आली नाही. १९९८ मध्ये तिच्या मुलाचं लग्न ठाण्याच्या एका मंगल कार्यालयात झालं. पत्रिका पोस्टानं आली. पाकिटावर माझं एकट्याचं नाव होतं. सुनंदानं माझा झब्बा इस्त्री करून खुर्चीच्या पाठीवर ठेवला.

मी लग्नाला गेलो आणि जेवून आलो.