थोडी घट धरायची

विडी शिलगावण्याआधी शेठ खिशातून पत्र्याची चपटी डबी काढायचे, झाकण उघडून मांडीवर ठेवायचे आणि मगच काडी ओढायचे. राख पडायची ती डबीतच. चिमूटभर ओट्यावर सांडलीच, तर त्याच खिशातून एक छोटा मऊ ब्रश निघायचा. "राख टाकायची न्हाई, पोरी," असं वर मला बजावायचे, जणू विड्या मीच फुंकत होते.

तुम्ही विट्याकडचे असाल तर हे वेड तुम्हाला लगेच कळेल. नसाल तर सांगते. आमच्याकडची माणसं देशभर गलाईची दुकानं चालवतात, म्हणजे जुनं सोनं वितळवून शुद्ध करून देतात. त्या दुकानातल्या राखेला नि केराला कुणी कचरा म्हणत नाही. त्यात सोन्याचे कण असतात, म्हणून सगळं झाडून जपून ठेवायचं. शेठनी उमेदीची सगळी वर्षं तिकडं कोइमतुरात, खिडकी नसलेल्या खोलीत, भट्टीसमोर काढली. सोबतीला विडी. दुकान मुलाकडे देऊन गावी परतले, तेव्हा डबी आणि ब्रश तेवढे बरोबर आणले.

मी लॅबमध्ये रक्त काढायचं काम करते. रक्त काढणारी बाई कुणालाच आवडत नाही. ओळखीची माणसंसुद्धा रस्त्यात मला बघून दंड चोळतात. शेठ मात्र आमच्याच गल्लीतले, आणि स्वभावाने खोडकर. मी दारावरून निघाले की ओरडायचे, "आलीस का गं डासबाई? आज कुणाला चावणार?"

एकदा त्यांनाच चावावं लागलं. हाडं ठणकत होती, खाली बसलं की उठवत नव्हतं. तपासणीत व्हिटॅमिन डी अगदी तळाला गेलेलं निघालं. डॉक्टरांनी समोर बसवून सांगितलं, "गोळ्या-पावडर घ्या, ऊन घ्या आणि विडी सोडा. उतारवयात विडी ओढणाऱ्या पुरुषांच्या रक्तात हे कमीच असल्याचं पुष्कळदा दिसतं. शिवाय विडी हाडं पोखरते ती वेगळीच. पडलात तर जड जाईल." तिन्हींतली शेवटची गोष्ट शेठच्या कानात शिरली नाही. दुसऱ्या दिवशी ते ओट्यावर उन्हात बसलेले दिसले. डोक्यावर टोपी, अंगात पूर्ण बाह्यांचा सदरा, खांद्यावरून पंचा आणि हातात विडी.

"शेठ, ऊन लागणार कुठं? नाकाच्या शेंड्याला?" मी विचारलं.

"मग काय उघडा बसू? गल्लीतनं लेकीसुना जात्यात."

"आणि ही विडी?"

"अगं, सोनं गाळताना थोडी घट येतीच. थोडी घट धरायची आन् पुढं जायाचं. एका बिडीमागं जरा जास्त ऊन घेतो की." हा त्यांचा हिशेब. सगळा जन्म ज्या अटकळीवर धंदा केला, तीच त्यांनी स्वतःच्या हाडांना लावली होती. पुन्हा तपासणी झाली, आकडा जेमतेम हलला होता. शेठ म्हणाले, "हलला न्हवं? बास झालं."

आतून शेठच्या बायकोचा, आमच्या काकींचा आवाज आला, "हलला म्हनं! डोंगर चढायचाय का आकडा हलवायचाय?"

त्या डोंगराची गोष्ट सांगितल्याशिवाय शेठ कळायचे नाहीत. आमच्याकडे लग्न झालं की नवरा-नवरी जोडीनं डोंगरावरच्या देवाला चालत जातात. यांच्या लग्नात हळद निघायच्या आत दुकानातून सांगावा आला आणि शेठ गाडीत बसले. मग दरवर्षी यायचे ते पाहुण्यासारखे. कधी पाऊस, कधी बाळंतपण, कधी सुट्टी संपलेली. काकींनी सासू-सासरे सांभाळले, शेत सांभाळलं, मुलं वाढवली. डोंगरावर मात्र एकदाही गेल्या नाहीत. एकटीनं जायचं नाही असं त्यांनी मनाशी धरलं होतं. देवाला जाऊन या म्हणून कुणी आग्रह केला की त्या विषय बदलायच्या.

त्या दिवशी त्या बाहेर आल्या, उंबऱ्यात उभ्या राहिल्या आणि न चिडता म्हणाल्या, "आवं, सगळ्यात घट मीच धरली. तुमी तिकडं, मी हितं. आता ह्ये येवढं तरी पुरं करा की."

शेठनी हातातली विडी डबीत विझवली, झाकण लावलं आणि डबी काकींच्या हातात दिली.

त्यानंतर मी त्यांना विडी ओढताना पाहिलं नाही. चिडचिड मात्र भरपूर पाहिली. शेंगदाणे खात, माझ्यासकट साऱ्या गल्लीला शिव्या घालत ते दिवस काढत होते. आणि एका सकाळी बघते तर काय, सदरा नाही, टोपी नाही, शेठ उघड्या अंगाने उन्हात! छातीच्या फासळ्या मोजून घ्याव्यात अशा. मला बघून लाजले. "हसू नको, डासबाई. देवाला जायाचंय."

पुढचा रिपोर्ट चांगला आला. तो मी स्वतः घरी नेऊन दिला, धावतच गेले म्हणा ना. काकींनी माझ्या तोंडात साखर घातली. येत्या सोमवारी डोंगरावर जायचं ठरलं. शेठनी नव्या चपला आणल्या आणि अंगणात घालून फिरून दाखवल्या.

रक्तातला आकडा काही महिन्यांत वाढतो. पोखरलेली हाडं इतक्यात भरत नाहीत. हे मला ठाऊक होतं, डॉक्टरांनाही होतं. पण त्या आनंदात कोण बोलणार?

रविवारी सकाळी शेठ ओट्याची पायरी उतरताना पडले. पायरी कसली, वीतभर उंचवटा तो. खुब्याचं हाड मोडलं. सांगलीला नेलं, ऑपरेशन झालं, पण विडीनं खाल्लेली छाती त्यानंतर सावरलीच नाही. मी भेटायला गेले तेव्हा नाकाला नळी होती. दंड माझ्यापुढे करून म्हणाले, "घे, चाव." मग जरा दम घेऊन, छताकडे बघत म्हणाले, "पोरी, घट जरा जास्तच निघाली गं." मी बाहेर जाऊन भिंतीला टेकून रडले. रोज माणसांना सुया टोचणारी बाई मी, पण तेवढं एक वाक्य मला सोसलं नाही.

शेठ घरी परत आले ते रुग्णवाहिकेतून, झाकलेले.

आता आमच्याकडे बरेच जण रक्षा नदीत सोडत नाहीत. शेतात खड्डा घेऊन तिथं घालतात आणि वर झाड लावतात. मुलगा विहिरीजवळ खड्डा घेणार होता. काकींनी जागा बदलली. शेताच्या ज्या टोकाशी डोंगराची वाट सुरू होते, तिथं त्या जाऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "हितनं म्होरं वाट चढती. हितवर तरी जोडीनं येऊ."

मुलानं रक्षा खड्ड्यात घातली. थोडी कडेच्या दगडावर सांडली. तो पायानं माती सारणार, तोच काकींनी त्याला हातानं अडवलं.

"आई, असू दे गं, एवढीशी तर हाय," तो म्हणाला.

काकींनी कनवटीतून शेठचा ब्रश काढला. दगडापाशी बसल्या आणि शेठ गोळा करायचे तसंच हलक्या हातानं, फटीफटीतून राख काढून खड्ड्यात लोटू लागल्या. आम्ही सगळे उभे होतो. वर ऊन चांगलं तापलं होतं. दगड कोरा झाला तरी त्यांचा हात थांबेना.

"न्हाई," त्या ब्रश फिरवत म्हणत होत्या, "आता घट धरायची न्हाई."