आबांची फुंकणी

चहाचं आधण ठेवलं होतं आणि सवयीने आबांचाही कप मांडला होता. तेवढ्यात आमचे हे धुळ्याच्या दवाखान्यातून पहिल्या एस.टी.ने आले. चपला न काढताच ओट्यावर बसले. मला विचारावं लागलं नाही. “झोपेतच गेले,” एवढंच म्हणाले. मी गॅस बंद केला आणि तो कप उचलून परत फळीवर ठेवला... या गोष्टीला आता दीडेक महिना होऊन गेला.

आबा म्हणजे माझे सासरे. अमळनेरला आमचं लहानसं सोनाराचं दुकान, म्हणजे घराचीच पुढची खोली. माझं माहेर नरडाण्याकडचं. चौथी झाली आणि शाळा सुटली, त्यामुळे लिहायची सवय नाही. पण चार माणसांत मला बोलता येत नाही आणि आबांबद्दलचं मनातून जातही नाही, म्हणून लिहून ठेवते आहे.

आमच्यात तेव्हा सून सासऱ्यांशी थेट बोलत नसे. मी लग्न होऊन आले तेव्हा सासूबाई हयात नव्हत्या. हे तेलाच्या मिलमध्ये पाळीवर जायचे. दिवसभर घरात मी आणि आबा, मध्ये एक पडदा. चहा झाला की मी बांगड्या वाजवायची, जेवण झालं की ताट जरा जोरात ठेवायची. मग माझी सुमन झाली आणि आम्हा दोघांची सोय झाली. ती पाळण्यात होती तेव्हापासूनच मी म्हणायची, “सुमन, आबाले सांग, चहा थंडा व्हई ऱ्हायना.” पडद्यापलीकडून आबा म्हणायचे, “सुमन, तुनी मायले सांग, चहामा साखर कमी शे.” सुमन अंगठा चोखत पडद्याकडे बघत राहायची. शेजारच्या अक्का हसून म्हणायच्या, “कितली गुनी पोर शे! बोलता येत नही, तरी बठ्ठा निरोप पोचाडस.”

पडद्याच्या फटीतून मी आबांचं काम बघायची. मंगळसूत्राच्या वाटीला कडी जोडायची, तर दिव्याची ज्योत फुंकणीने नेमकी तिथेच धरावी लागते. फुंकणी म्हणजे टोकाशी वाकवलेली पितळी नळी. गालात हवा भरून ठेवायची, नाकाने श्वास घेत राहायचा आणि फुंकर मध्ये तुटू द्यायची नाही. ज्योत सुईसारखी बारीक होते, जोडाचा धातू पाण्यासारखा पळतो, आणि तेवढ्यात थांबायचं. आबांची फुंकर कधी तुटत नसे. गाल फुगवून बसलेले आबा बघून सुमन खिदळायची, तर तेही डोळ्यांनीच हसायचे, पण ज्योत हलायची नाही.

फुंकणी खाली ठेवली की मात्र लगेच बिडी. एक ओठात, दुसरी कानावर तयारच. सकाळी घराला जाग यायची ती त्यांच्या खोकल्याने. आम्हाला वाटायचं, वय झालं. पण डोक्यावरचे केस अजून काळे होते, वय कसलं व्हायचं! हळूहळू विहिरीपर्यंत जाऊन येताना ते मध्ये थांबू लागले. बोलताना छातीत शिट्टी वाजायची. हे म्हणायचे, “आबा, कमी करा आता.” आबा म्हणायचे, “तू मिलमा तेलना वास लेस, मी बिडीना. जा, पाळी चुकी जाई.”

लग्नसराईत एकदा एरंडोलकडची एक बाई मुलीच्या वाट्या न्यायला आली. लग्न दुसऱ्या दिवशी. वाट्या तयार होत्या, फक्त कड्या जोडायच्या राहिल्या होत्या. आबांनी फुंकणी तोंडाला लावली आणि खोकल्याची उबळ आली. ज्योत थरथरली. पाणी प्यायले, पुन्हा बसले. या वेळी फुंकर अर्ध्यात तुटली, मग घाईने जोरात मारली आणि वाटीची कड एका बाजूने वितळली. त्यांनी ती कानशीने नीट केली. पुन्हा फुंकणी उचलली, पण तोंडाजवळ नेईनात. ती बाई दाराशी बसून एकदा आबांकडे, एकदा घड्याळाकडे बघत होती. आबांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता...

मला काय झालं माहीत नाही. पदर पुढे ओढून मी पडद्याबाहेर आले आणि फुंकणीसाठी हात पुढे केला. आबांनी माझ्याकडे न पाहताच ती हातात दिली. शेजारी खेळणाऱ्या सुमनला म्हणाले, “तुनी मायले सांग, गालमा हवा धर. छातीतून फुकू नको.” चुलीपुढे जन्म गेलेला, फुंकर मला नवी नव्हती. त्यांनी चिमट्याने कडी धरली, मी ज्योत धरली. ते हळूच म्हणत होते, “सुमन, सांग, जराशी डावीकडे... सांग, बस.” जोड पळाला. दुसराही पळाला. बाई वाट्या घेऊन आशीर्वाद देत गेली.

आबांनी मोठा श्वास सोडला आणि हात कानाकडे गेला. बिडी ओठात आली, काडी ओढली. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “आबा, फुंकर मी मारसू. पन तुमना दम मी कशी लेऊ?”

सुमनला नाही, भिंतीला नाही. सरळ त्यांना. काडी त्यांच्या बोटांपर्यंत जळत आली तेव्हा त्यांनी ती टाकली. मी आत पळाले आणि संध्याकाळपर्यंत बाहेर आले नाही.

त्याच आठवड्यात हे त्यांना धुळ्याला घेऊन गेले. डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडापुढे धरून समजावलं. धुराने आतल्या नळ्या सुजून अरुंद झाल्यात, हवेच्या बारीक पिशव्या काही फाटून सैल पडल्यात. गेलं ते परत येणार नाही. पण आज सोडली तर उरलंय ते जास्त दिवस टिकेल, दमही सुधारेल. सुरुवातीला खोकला वाढल्यासारखा वाटेल, पण घाबरू नका, छाती साफ होत असते.

खोकला खरंच वाढला. आबा चिडून म्हणायचे, “सुमन, तुनी मायले सांग, बिडी व्हती तवय मी बरा व्हतो.” हात सारखा कानाकडे जायचा, म्हणून मी त्यांच्या पाटाजवळ बडीशेपेची वाटी ठेवू लागले. सुमनवरही ओरडायचे, मग तिलाच जवळ घेऊन बसायचे. एका लग्नाहून आले आणि दारातूनच म्हणाले, “तुनी मायले सांग, आज एक वढी. आते परत नही.” आणि ते पाळलं.

मग एक दिवस डाळ-भात जेवताना थांबले. “सुमन, तुनी मायले सांग, दायमा मीठ जास्त शे.” इतकी वर्षं मी तेवढंच मीठ घालत होते. त्यांना आता चव कळू लागली होती! मी आत तोंडाला पदर लावून हसत बसले. तोवर कड्या जोडायचं काम मीच करत होते. पुढे पावसाळा सरल्यावर त्यांनी निरोप पाठवला, “तुनी मायले सांग, मनी फुंकणी दे.” मी दिली आणि पडद्यामागून बघत राहिले. ज्योत सरळ राहिली.

त्या दमावर त्यांनी पुढे किती वर्षं काम केलं. सुमनच्या लग्नाच्या वाट्या त्यांनीच केल्या, मध्ये थांबत, पण कुणाला हात लावू न देता. शेवटी शेवटी जुनं दुखणं वर आलं, ओट्याची पायरी चढतानाही बसावं लागायचं. सुमन सासरी गेली, तरी आमचे निरोप तिच्याच नावाने चालले.

धुळ्याच्या दवाखान्यात मी त्यांना शेवटचं पाहिलं. नाकात नळी होती. मी पायथ्याशी उभी. खिडकीकडे बघत म्हणाले, “सुमन, तुनी मायले सांग... ती एकदाव बोलनी, ते बरं व्हयनं.” मी त्यांचे पाय दाबत राहिले.

फुंकणी अजून पाटाशेजारच्या खुंटीवर आहे. तोंडाकडच्या टोकाला त्यांच्या दातांची खूण आहे. सकाळी मी ती चिंचेने घासते, पुसते आणि आत पाणी राहू नये म्हणून एकदा फुंकते. हवा आरपार मोकळी जाते. मग खुंटीला लावते, पदर डोक्यावर घेते आणि रिकाम्या पाटाकडे न बघता म्हणते, “सुमन, आबाले सांग, चहा व्हई गया.”