भाच्याचे फाउल

दिवसभर इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करणारा हा माणूस संध्याकाळी क्लबच्या बास्केटबॉल संघाचा कोच असे. मानधन शून्य, पण तोंडाचा पट्टा असा की समोरचा गार! संघात त्याचा सख्खा भाचा होता. दारातून वाकून आत येणारा, म्हणून सगळे त्याला शिडी म्हणत. 'मामाचा लाडका' असं कुणी म्हणू नये म्हणून कोच त्याला इतरांपेक्षा दुप्पट झापायचा. आता बोला!

झापायला निमित्त होतंच. निम्मा खेळ होईतो शिडीचे चार फाउल व्हायचे, आणि पाचवा झाला की बाहेर. "देवानं उंची दिली, अक्कल द्यायचा विसरला," म्हणत कोच त्याला बसवून ठेवी. पोरगं निमूट टॉवेल चावत बसे. सोमवारी मोठ्या स्पर्धेचा संघ ठरणार होता आणि शिडीला गाळायचं कोचनं मनाशी पक्कं केलं होतं.

रविवारी सरावाच्या सामन्याला पंच आलाच नाही. कोचनं चरफडत स्वतःच शिट्टी तोंडात धरली. एरवी त्याची नजर चेंडूमागे पळायची. पंच झाल्यावर मात्र कोण कुठून सुटला, कोण कुणाला अडवतोय, सगळं बघणं आलं. शिडीचा पहिला फाउल, दुसरा, तिसरा. दरवेळी तेच! संघातले पुढचे गडी समोरच्याला मोकळा सोडून देत आणि शिडी आपला माणूस टाकून त्याला अडवायला एकटा आडवा धावे, की धडक! चौथ्या वेळी शिट्टी वाजवली खरी, पण चूक कुणाची ते कोचला दिसलं.

त्यानं खेळ थांबवून कॅप्टनला गाठलं. "समोरच्याला मोकळा का सोडलास रे?"

"सर, मागे शिडी असतो ना," कॅप्टन सहज म्हणाला. "म्हणून आम्ही बिनधास्त."

कोच शिडीकडे वळला. "आणि तू? मूग गिळून बसलास?"

"मामाकडे चहाडी करतो म्हणाले असते सगळे."

ज्या बोलण्याला कोच भीत होता, त्यालाच हे पोरगंही भीत होतं, आणि बोलणी मात्र एकट्यानं खात होतं.

"आता धावायचं नाही," तो म्हणाला. "बास्केटखाली हात वर करून उभा राहा. आणि पुढे जो माणूस सोडेल, तो बसेल बाहेर!"

उरलेल्या खेळात शिडीचा एकही फाउल झाला नाही. आत घुसणारे गडी त्याचे हात बघूनच बिचकायचे आणि लांबून चेंडू फेकून चुकायचे.

सोमवारी कोचनं संघ सांगितला, सुरुवातच शिडीपासून. कॅप्टन हसला. "सर, लोक म्हणतील, भाचा म्हणून घेतला."

"म्हणू देत," कोच म्हणाला. "भाचा नसता ना, तर पहिल्याच दिवशी घेतला असता."